दहावा डोस

चौदा मार्चला सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कोश-कायिंग गावातल्या बाकित नावाच्या सात वर्षांच्या मुलाच्या कानामागे पुरळ दिसले. लोकरीची उशी टोचली असेल, असे त्याच्या आईला वाटले. सात वाजता पुरळ कपाळावर आले, आठ वाजता छातीवर. सव्वाआठला गावच्या नर्स ऊलकान एजे यांनी मुलाला तोंड उघडायला लावले, गालाच्या आत बॅटरीचा उजेड टाकला आणि एकच शब्द उच्चारला, "गोवर."

मी त्या वेळी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत कोळशाच्या पोत्यांवर होते. माझ्या पोटात सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे भरलेले होते.

मित्रांनो, मी एक जुनी लसपेटी आहे. अंग निळे, झाकण पांढरे, वर एक हँडल. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या दोन भिंती करून त्यांच्यामध्ये फेस ओततात, तो फुगून घट्ट होतो आणि मग बाहेरचे ऊन आत येत नाही. चार बाजूंना बर्फाचे चार चपटे डबे बसतात आणि मधल्या चौकोनात लसीच्या कुप्या. एवढेच माझे शरीर. डोळे मला कुणी दिले नाहीत, पण चोवीस वर्षे एका नर्सच्या खांद्यावर काढल्यावर पाहायचे राहते तरी काय?

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी हेवेखोर आहे. माझे म्हणणे ऐकताना तेवढे वजा करा.

मी या गावात आले तेव्हा ऊलकान एजे तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांचे नाव नुसते ऊलकान. 'एजे' हे थोरल्या बहिणीला म्हणतात तसे, पण गाव त्यांना तेव्हापासूनच एजे म्हणू लागले होते, कारण सुई त्यांच्या हातात असे. हिवाळ्यात आम्ही गल्लीगल्लीत पायी जायचो. उन्हाळ्यात कळपांबरोबर घरेच्या घरे डोंगरावरच्या कुरणात जात, तेव्हा आम्ही घोड्यावरून त्यांच्या मागे जायचो. एकदा खिंडीत गारपीट झाली आणि आम्ही एकतीस तास अडकलो. खाली आल्यावर जिल्ह्याच्या तपासनिसाने माझ्यात थर्मामीटर घातला. सहा अंश. तो म्हणाला, "एजे, ही पेटी आहे का विहीर?" हे वाक्य मी अजून जपून ठेवले आहे. माझी स्तुती फारशी कुणी केलेली नाही, त्यामुळे जपायलाही सोपे जाते.

ऊलकान एजेंची स्तुतीही अशीच मोजकी झाली. सोळा वर्षांपूर्वी त्यांना राजधानीतून, बिश्केकहून, एक पत्र आले होते. साथरोगांवर दोन महिन्यांचे शिक्षण, तिथेच राहण्याची सोय, आणि चांगले जमले तर पुढे शिकायची वाट. पत्र दोनदा वाचून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिले. सासूबाईंना वाचता येत होते, तरी त्यांनी ते वाचले नाही. "घोड्या व्यायल्यात. त्यांच्या दुधाचं कुमिस कोण घुसळणार? तुझं बिश्केक?" एवढेच त्या म्हणाल्या. ते पत्र वर्षभर माझ्या झाकणाखालच्या स्पंजमागे होते. मग एकदा कागद संपला म्हणून ऊलकान एजेंनी त्याच्या पाठीवर माझ्या तापमानाचा तक्ता आखला आणि तो परत तिथेच ठेवला. रेघा अगदी सरळ आल्या होत्या.

जिपार या घरात सून म्हणून आली ती डॉक्टर होऊनच. मुलगा नुर्गाझी बिश्केकला नोकरीला, त्यामुळे दोघांचे बिऱ्हाड तिथेच. ऊलकान एजे रोट्या आणायला गेल्या की दुकानात उगाच उभ्या राहायच्या. "आमची सून डॉक्टर आहे. अंडी द्या सहा." अंड्यांचा आणि डॉक्टरकीचा काय संबंध, असे कुणी विचारले नाही. घरी मात्र त्या माझ्या तळाला साबण लावून मला इतक्या जोराने घासायच्या की हा साबण माझ्यासाठी नाही, हे मला कळायचे.

तिलेक बिश्केकमध्ये जन्मला. आमच्याकडे पहिले नातवंड आजी-आजोबांचे असते. ते त्यांच्या कुशीत झोपते, आजीला 'अपा' म्हणजे आई म्हणते आणि जन्मदात्रीला घरातले बाकीचे म्हणतात तसे वहिनी म्हणते. सून याला नाही म्हणत नाही. कुणी तिला विचारतही नाही.

तिलेक तेरा महिन्यांचा असताना त्याची पहिली पावले साजरी करायला सगळे गावी जमले. मी नुकतीच वरच्या गल्लीतून लस देऊन आले होते आणि अंगणात बाकावर होते, म्हणून मला सगळे दिसले. पोराच्या पायांना काळ्या-पांढऱ्या पिळाचा दोरा बांधला होता. गावची मुले कुंपणापासून धावत आली, जी मुलगी पहिली पोचली तिने दोरा कापला, आणि तिलेक तीन पावले चालून बोरसोकांच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, ताटात बसला. हशा झाला.

जिपार सासूच्या मागे दोनदा येऊन उभी राहिली. तिच्या पिशवीतून मुलाचे हिरवे लसीकरणाचे कार्ड अर्धे बाहेर आले होते.

"अपा, एक सांगायचं होतं..."

ऊलकान एजेंनी तेवढ्यात पोराला उचलून डोक्यावर धरले होते. "ऐका सगळ्यांनी! हा आता इथंच राहणार. हा माझा धाकटा!"

शेजारची एक म्हातारी ओरडली, "अगं ऊलकान, या वयात पोर झालं की गं तुला!"

"झालं! आणि कळाही नाही आल्या!"

अंगण खदखदून हसले. जिपारही हसली, कारण सून हसते. मग तिने ते हिरवे कार्ड बोटाने पिशवीत खाली ढकलले, पिशवीची चेन ओढली, आणि संध्याकाळच्या गाडीने ती आणि नुर्गाझी बिश्केकला परत गेले. ऊलकान एजेंनी तो कापलेला दोरा माझ्या हँडलला गुंडाळला. अजून तो तिथेच आहे.

आता मी तुम्हाला त्या महिन्याच्या लसीकरणाच्या दिवसाबद्दल सांगते. गोवराच्या लसीची कुपी दहा डोसांची असते. पाणी घालून ती एकदा तयार केली की सहा तासांत वापरायची, उरेल ते टाकायचे, हा नियम. ऊलकान एजेंनी साडेनऊला कुपी तयार केली. नऊ मुले आली. साडेतीन वाजत आले तेव्हा एक डोस उरला होता आणि तिलेक जमिनीवर बसून माझे झाकण ढोलासारखे बडवत होता.

त्यांचे यजमान सापार-आता ('आता' म्हणजे वडील) दारात चहाचा वाडगा घेऊन उभे होते. "एक उरलीय ना? याला देऊन टाक की."

"याला बाराव्या महिन्यातच झाली असणार. आई डॉक्टर आहे ना याची." 'आई' हा शब्द त्यांनी दाताखाली आलेल्या खड्यासारखा बाहेर काढला.

"असणार म्हणजे? विचार तरी फोन करून."

"मी विचारू? म्हणजे तिनं म्हणायचं, अपांना अख्ख्या गावाच्या पोरांचा हिशेब ठेवता येतो, घरातल्या एकाचा नाही!"

"बरं बाई, नको विचारूस. दोनदा टोचली तर काय पोराला शेपूट फुटेल का?"

"तुम्ही मेंढरं बघा."

साडेतीन वाजता दहावा डोस टाकला गेला. लसीच्या नोंदवहीत तिलेकच्या नावापुढे त्यांनी लिहिले, 'नोंद बिश्केकमध्ये'. ते खोटे नव्हते. नोंद खरेच बिश्केकमध्ये होती. तिथे, हे मला पुढे कळले, बाराव्या महिन्याच्या चौकटीत जिपारने पेन्सिलीने लिहिले होते, 'ताप आहे, पुढे ढकलले'. कार्ड ड्रॉवरमध्ये होते. अपा नर्स आहेत, त्यांच्या घरात राहून पोराची लस राहील का, असे जिपारला वाटत होते. कधी तिला वाटले असेल की फोन करून विचारावे. पण आपल्या मुलाबद्दल आपल्यालाच माहीत नाही, हे सासूला कुठल्या तोंडाने सांगायचे?

त्यानंतर वर्षभराने जिपारचा फोन आला. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या यादीत तिचे नाव लागले होते. दोन वर्षे शिक्षण, एक प्रबंध, मग राजधानीत किंवा प्रांताच्या आरोग्य खात्यात नोकरी. दवाखान्यात एकेका रोग्याला तपासण्यापेक्षा गावेच्या गावे आजारी पडू नयेत, यासाठी काम करायचे.

"चांगलं झालं हो," ऊलकान एजे फोनवर म्हणाल्या. "तू एकेका गावाला तपासणार आणि आम्ही एकेका पोराला."

"तसं नाही अपा..."

"चांगलंच म्हणतेय मी. जा. माझी सासू नाही मी."

त्यांनी तिला जाऊ दिले, हे खरे आहे. त्याच दिवशी मेंढी कापून गल्लीला जेवायला घातले, हेही खरे आहे. आणि पाहुणे गेल्यावर माझ्या झाकणामागचा स्पंज उपसून, तो जुना तापमानाचा तक्ता उलटा करून, त्यांनी पत्राची बाजू उभ्याउभ्या वाचली, तेही मी पाहिले आहे.

गेल्या ऑक्टोबरात जिपार प्रबंधाच्या कामासाठी गावी आली आणि तिच्याबरोबर ती आली, काळी, पातळ, लॅपटॉप नावाची. तिला घरात थेट मानाच्या जागी, दारासमोरच्या भिंतीजवळ, गादीवर ठेवले. मी उंबऱ्यापाशी, बुटांशेजारी. तिचे झाकण उघडले की उजेड पडायचा, माझे उघडले की थंड वाफ यायची. तिलेक, जो तीन वर्षे माझ्यावर ढोल वाजवत आला होता, तिच्यापाशी जाऊन बसला.

"वहिनी, यात घोडे आहेत?"

"आहेत की. ये, दाखवते." जिपारने त्याला मांडीवर घेतले, आणि त्याच्या केसांचा वास घेतला तो चोरून घेतल्यासारखा.

"तिलेक! दूध प्यायचं राहिलं," ऊलकान एजे चुलीपासून म्हणाल्या. दूध त्याने तासापूर्वीच प्यायले होते.

जिपारच्या प्रबंधाचा विषय होता, डोंगरी गावांतली कोणती मुले लसीपासून वंचित राहतात आणि का. पाच गावे तिने निवडली होती, त्यातले एक आमचे. ऊलकान एजे तिला दारोदार घेऊन गेल्या. प्रत्येक घरात जिपार आयांना नियमाप्रमाणे विचारायची, "तुम्हाला पाच वर्षांखालची मुलं किती?" सासरे शेजारी बसलेले असताना सून थोरल्या मुलाला आपले म्हणत नाही. ती म्हणायची, एक. किंवा, एकही नाही. आणि आजीला कुणी विचारायचे नाही, कारण साठीच्या बाईला पाच वर्षांखालची मुले कशी असतील? प्रश्न राजधानीत तयार झाला होता. पण जिपार याच मुलखाची, तिच्या स्वतःच्या थोरल्याचे असेच झालेले, आणि तरी तिच्या लक्षात आले नाही. ज्या ठिकाणी दुखते तिथे हात लावून कोण बघतो?

शेवटचे घर राहिले ते स्वतःचे. जिपार गादीवर बसली. बोटे लॅपटॉपच्या बटणांवर.

"या घरात पाच वर्षांखालचं मूल?"

"आहे की. माझा तिलेक," ऊलकान एजे म्हणाल्या.

जिपारची बोटे थांबली. पुढचा रकाना आईच्या नावाचा होता, हे मला तिच्या तोंडावरूनच कळले. मग म्हणाली, "हे घर सोडूनच देऊ या अपा. घरचं घर मोजायचं नसतं. परीक्षक हरकत घेतात."

"घेत असतील," ऊलकान एजे म्हणाल्या. "तुम्ही शिकलेली माणसं."

असे एकशे बारा घरांपैकी एकशे अकरा घरांचे काम झाले. तक्ता क्रमांक चार, कोश-कायिंग, लस न मिळालेली मुले, शून्य. जिल्ह्याने ती यादी मागून घेतली, गावाचे कौतुक केले आणि बक्षीस म्हणून नवी करडी लसपेटी पाठवली. तिच्या अंगावर आकडे उजळतात. ऊलकान एजेंनी तिला फडक्याने पुसले आणि मला मागच्या खोलीत नेले. नोव्हेंबरात माझ्यात दह्याचे गोळे भरले.

मित्रांनो, मी तेव्हा जे मनात आणले ते आणायला नको होते. मी म्हटले, त्या काळीचा आकडा एकदा चुकू दे. एकदाच. मला माहीत होते की तिलेकला माझ्यातून काही मिळालेले नाही. मी इतकी वर्षे त्याच्या थापा झेलल्या. चूक व्हावी असे वाटताना त्या चुकीला नाव असते, वय असते, हे मी विसरले.

आता मार्चकडे परत येते. गोवर सापडला त्या सकाळी ऊलकान एजेंनी जिल्ह्याला फोन केला. लस न झालेली मुले किती, तिकडून विचारणा झाली. "शून्य," त्यांनी अभिमानाने सांगितले. मग लस पाठवायचे कारणच नव्हते. उलट जिल्ह्याची गाडी आली ती करडी पेटी दुसऱ्या गावाच्या पथकासाठी घेऊन गेली. त्या रात्री खिंडीत बर्फ पडला आणि गाड्यांचा रस्ता बंद झाला.

पंधरा मार्चला दुपारी तीनच्या सुमारास ऊलकान एजे बाकितच्या गल्लीतल्या मुलांचे ताप बघून घरी आल्या. थोड्याच वेळात त्या मागच्या खोलीत शिरल्या, दार लावून घेतले आणि माझ्यावर बसल्या. तिलेक दाराबाहेरूनच ओरडत होता.

"अपा, मला पण सुई?"

"तुला झालीय रे."

"कधी?"

त्यांचा हात माझ्या हँडलवर होता, त्या दोऱ्यावर. अंगठ्याने त्या दोऱ्याचे पीळ मोजत होत्या. मग त्यांनी फोन लावला. नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या इथे आल्या होत्या, त्यामुळे ऐकायला फक्त मी होते.

"जिपार, तिलेकला गोवराची लस कधी दिलीस?"

पलीकडून प्रश्नच परत आला.

"अपा... तुम्ही दिलीत ना?"

"मी कशी देईन? कार्ड तुझ्याकडे."

"त्याला तेव्हा ताप होता. मी म्हटलं, गावी नेल्यावर तुम्ही द्याल. सांगायलाच आले होते मी, दोरा कापला त्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, कळाही नाही आल्या."

ऊलकान एजेंनी डोळे मिटले. खोलीत कोळशाची धूळ होती, तरी त्यांनी खोल श्वास घेतला.

"बाकितचे घरचे बिश्केकहून बाराला रात्री आले," त्या म्हणाल्या. "दोघं खेळले ते तेराला. दुपारी चारला."

"म्हणजे लागण झाल्यापासून बहात्तर तास... सोळाला चारपर्यंत दिली तर उपयोग होईल, अपा. होण्याची शक्यता आहे."

"मला शिकवू नकोस." मग बोटांवर तास मोजून, "हो. सोळाला चारपर्यंत. तू निघ. जिल्ह्याच्या भांडारात भेट. मी घोड्यानं येते."

"कार्ड आणू?"

"कार्ड नाही तर दुसरं काय आणणार आहेस? आण."

त्यांनी माझे झाकण उघडले आणि दह्याचे गोळे तिथेच कोळशावर ओतले. मला सोड्याने धुतले, उन्हात पालथे घातले, बर्फाचे डबे भरून बाहेर हिमात पुरले. खारट वास पूर्ण गेला नाही. त्याचे मला त्या दिवशी काही वाटले नाही.

सोळा मार्चला पहाटे पाचला आम्ही निघालो. ऊलकान एजे आपल्या घोड्यावर, मी त्यांच्या पाठीला, आणि मागे दोरीला बांधलेला दुसरा घोडा, त्यावर रिकामे खोगीर. साडेनऊला भांडार. जिपार दारातच उभी होती, रात्रीच्या गाडीतून उतरलेली, डोळे सुजलेले, खांद्याला लॅपटॉपची काळी पिशवी. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला नाही. हा अपमान नव्हता. वेळ नव्हता.

भांडार सांभाळणारे मामिर नियमांचे पक्के. "पेटीशिवाय कुपी देत नाही. नव्या सगळ्या पथकांबरोबर गेल्यात. ही? ही कुठल्या जमान्यातली?"

"तुमच्या लग्नाच्या आधीची," ऊलकान एजे म्हणाल्या. "आणि अजून थंड आहे. तुमचं सांगता येत नाही."

मामिरनी हसू दाबत थर्मामीटर घातला. पाच मिनिटे तिघेही घड्याळाकडे बघत होते. माझ्या चोवीस वर्षांत मी इतकी कधी घाबरले नव्हते. चार अंश. त्यांनी एक कुपी नोंदवून दिली, जिपारने सही केली, आणि माझे झाकण लागले. तिची पिशवी शेजारीच टांगलेली होती. मी तिच्याकडे पाहिले. खोटे कशाला बोलू, पाहिलेच.

चढावर जिपार खोगिरातून दोनदा घसरली.

"लगाम ढिला सोड, डॉक्टरीणबाई. घोडा आहे तो, बटणं नसतात त्याला."

"अपा, आज टोमणे नकोत."

"मग काय देऊ? दुसरं काही आणलंच नाही बरोबर."

मग ऊलकान एजे मागे न वळता म्हणाल्या, "त्या दिवशी एक डोस उरला होता. मी टाकला. तुला विचारावं लागेल म्हणून."

खिंड ओलांडल्यावर जिपार म्हणाली, "मी ऑक्टोबरात ते घर सोडलं. तुमचं नाव लिहावं लागेल म्हणून."

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी तिलेकच्या दंडात लस गेली. जिपारने सुई हातात घेतली होती, पण तो मागे सरला. "वहिनी नको. अपा देईल." जिपारने सुई सासूकडे दिली आणि पोराला मांडीवर धरले. ऊलकान एजेंनी टोचले आणि कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला. नोंदवहीत त्यांनी जुनी ओळ खोडली. आईचे नाव या रकान्यात त्यांनी 'जिपार' लिहिले. पेन दाबून लिहिले. ते लिहिताना त्यांना काय झाले, हे मला विचारू नका. एखादी वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना काय होते, ते मला ठाऊक आहे.

कुपीत नऊ डोस उरले होते, सहा तास होते. ऊलकान एजेंनी मला पुन्हा खांद्याला लावले.

"चल. अशी पोरं आणखी असणार. आणि तुझा तो प्रश्न घरी ठेव."

"मग काय विचारायचं?"

"म्हाताऱ्यांना विचारायचं, रात्री तुमच्या कुशीत कोण झोपतं?"

साडेआठपर्यंत त्या दोघी प्रत्येक दारात गेल्या. एका म्हातारीने सांगितले, "कुशीत? म्हातारा झोपतो, घोरतो, घेऊन जा त्याला!" पण मग तिने गोधडी वर केली आणि दोन वर्षांची एक नात दाखवली. अशी सात मुले निघाली. तिघांना दुसऱ्या गावी लस झाली होती, तशी कार्डे सापडली. चौघांना नव्हती. त्यांना मिळाली. उरलेले पाच डोस नियमाप्रमाणे टाकावे लागले, पण या वेळी विचारून टाकले.

जिपार अजून गावातच आहे. तक्ता क्रमांक चार चुकला आहे, शून्याच्या जागी पाच हवे, आणि उरलेल्या चार गावांतही हा प्रश्न पुन्हा विचारावा लागेल, असे तिने आपल्या मार्गदर्शकांना कळवले. त्यांचे उत्तर आले. तोंडी परीक्षा सव्वीस मार्चला आहे. आहे तो प्रबंध घेऊन या, नाहीतर पुढचे वर्ष. आणि प्रांताच्या आरोग्य खात्यातली जागा तिच्यासाठी वर्षभर थांबणार नाही, असेही त्यात होते. तिने अजून काही कळवलेले नाही. रोज ती लॅपटॉप उघडते, ऊलकान एजे शेजारी बसून घरांची नावे सांगतात.

"यात माझं नाव घालशील?"

"घालीन की. दुसऱ्या पानावर."

"पहिल्या का नाही?"

"पहिल्यावर विद्यापीठाचं असतं, अपा."

"त्यांनी काय केलंय?"

मी आता चुलीच्या खोलीत, खिडकीत असते. धुतलेली, कोरडी, झाकण अर्धे उघडे, म्हणजे वास धरत नाही. लॅपटॉप अजून मानाच्या जागीच आहे. मला ते अजून टोचते. चोवीस वर्षांची सवय आठ दिवसांत जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला कोरडी ठेवा आणि तिच्यात दही भरू नका. आणि कुणाला काही विचारायचे राहिले असेल, तर आजच विचारा. विचारल्याने मान खाली जाते, हे खरे आहे. पण ती पुन्हा वर येते. मी दोघींची पाहिली आहे.

आज चोवीस मार्च. सकाळी सात वाजता तिलेकचा ताप सदतीस अंश आठ होता. लसीनंतर आठव्या दिवशी असा ताप येतो. गोवर व्हायचा असेल तर तोही याच दिवसांत असाच सुरू होतो. जिपारने त्याच्या डाव्या कानामागे पाहिले, ऊलकान एजेंनी उजव्या. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत पुरळ नाही.